मोजणाऱ्याचे माप कोण तपासणार?

किराणा दुकानदाराचा तराजू वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर ठराविक मुदतीने मोहोर उमटवून घ्यावी लागते. मापात पाप नसावे, हा जुना संकेत कायद्याने मान्य केला आहे. इंटरनेटवरील जाहिरातींच्या बाजारात मात्र बहुधा माल विकणाराच माप धरतो आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे मोजते. प्रश्न केवळ खासगी व्यापाराचा असता, तर त्याची चिंता व्यापाऱ्यांवर सोडता आली असती. परंतु संकेतस्थळांना जाहिराती देताना त्यांच्या दरमहाच्या स्वतंत्र वाचकांची संख्या हा निकष केंद्र सरकारने २०१६ मध्येच मानला आणि २०२३ च्या डिजिटल जाहिरात धोरणाने या खर्चाची कक्षा मोबाइल ॲपपर्यंत वाढविली. वाचकांच्या या मोजणीत आता सार्वजनिक पैसा गुंतलेला आहे.

ही मोजणी दिसते तितकी सरळ नाही. पूर्वी ‘हिट’ मोजण्याची प्रथा होती. एका पानावर वीस छायाचित्रे असली, की एका वाचकाच्या एका भेटीत एकवीस हिट नोंदल्या जात. आज तीन पद्धती प्रचलित आहेत. सर्व्हरची नोंदवही प्रत्येक मागणी टिपते. परंतु मागणारा माणूस आहे की यंत्र, हे ती आपण होऊन सांगत नाही. पानात बसविलेली गणकप्रणाली वाचकाच्या ब्राउझरमधून नोंद घेते. पण जाहिराती अडविणारी साधने वापरणारा वाचक तिच्या हातून निसटू शकतो. तिसरी पद्धत नमुना पाहणीची. तिच्यात मोठ्या संकेतस्थळांचा अंदाज बरा येतो. जिल्ह्याच्या ठिकाणचे छोटे संकेतस्थळ मात्र नमुन्यात जवळजवळ दिसतच नाही. शिवाय कचेरीतील संगणक आणि खिशातील मोबाइल वापरणारा एक मनुष्य दोन वाचक ठरू शकतो आणि एकाच मोबाइलवर वाचणारे चौघांचे कुटुंब एक!

साधन बदलले की संख्याही बदलते. गूगलने १ जुलै २०२३ रोजी आपली जुनी गणकप्रणाली बंद करून नवी रूढ केली. जुन्या पद्धतीत मध्यरात्र ओलांडणारी एकच भेट दोन धरली जाई. नव्या पद्धतीत ती एकच राहते. वाचक तेच असूनही आकडा निराळा झाला. साधनाची निवड ही म्हणूनच वस्तुतः व्याख्येची निवड असते.

ही व्याख्या लाभार्थ्याच्या हाती राहिली तर काय घडते, हे फेसबुकच्या उदाहरणावरून दिसले. चित्रफीत सरासरी किती वेळ पाहिली जाते, हे काढताना तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ थांबलेल्यांना हिशेबातून वगळल्याचे कंपनीने २०१६ मध्ये कबूल केले. हा फुगवटा ६० ते ८० टक्के असू शकतो, असे एका जाहिरातसंस्थेला कळविण्यात आले होते. अमेरिकेतील जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये चार कोटी डॉलरची तडजोड झाली. भारतातील लहान जाहिरातदाराला असा दावा लढविणे परवडणारे नाही.

खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते, असा अर्थशास्त्रातील ग्रेशॅमचा सिद्धान्त आहे. येथेही तेच संभवते. यंत्रांच्या भेटी प्रामाणिकपणे वजा करणारे संकेतस्थळ लहान दिसते, फुगविलेला आकडा दाखविणारे मोठे ठरते, आणि जाहिरात दुसऱ्याकडे जाते. वार्ताहर नेमून बातमी मिळविणाऱ्याचे त्यात नुकसान होते.

यावर उपाय नवा शोधावयाचा नाही. वृत्तपत्रांच्या खपाबाबत असाच संशय होता, तेव्हा १९४८ मध्ये ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था स्थापन झाली. तीत प्रकाशक आणि जाहिरातदार दोघेही असतात आणि खपाचे आकडे सनदी लेखापालांकडून तपासले जातात. संकेतस्थळांनाही तोच न्याय लावावा. वाचक कोणास म्हणावे याची एकच व्याख्या प्रसिद्ध व्हावी, सर्व्हरची नोंद आणि गणकप्रणाली यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तफावतीचा खुलासा मागावा, आणि अंतिम तपासणी तिऱ्हाइताकडे असावी. कोणतेही साधन निर्दोष नसते. परंतु ज्याचा दोष ठाऊक आहे आणि जे वर्षानुवर्षे तेच राहते, अशा मापावर व्यवहार करता येतो. सरकारने निदान स्वतःच्या जाहिरातींपुरता हा दंडक घालून दिला, तरी बाजाराला तो पाळावा लागेल.