घर कोणाचे?

"मुलगा अमेरिकेत आहे. स्वतःचे घर आहे, दोन गाड्या आहेत." रिश्त्याची बोलणी सुरू झाली की ही दोन वाक्ये पुष्कळ काम करून जातात. मुलीकडची मंडळी दीनदारी विचारतात, शिक्षण विचारतात, एखादे मामू धीर करून पगारही विचारतात. त्या घरावर आणि गाड्यांवर कर्ज किती, हे विचारायचे सहसा कोणाला सुचत नाही. मुलीला ते निकाहनंतर कळते, तेही दर महिन्याच्या पाकिटातून. अमेरिकेत "स्वतःचे घर" म्हणजे बहुधा तीस वर्षांच्या हप्त्यांचे घर. गाडीही हप्त्यावर, आणि पुष्कळदा शिक्षणाचे कर्जही अजून डोक्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो खोटा नसतो. त्याचे पैसे द्यायचे बाकी असतात, इतकेच.

ज्याला "अमेरिकन ड्रीम" म्हणतात ते मुळात असे नव्हते. जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स या इतिहासकाराने १९३१ साली, ऐन महामंदीत, "द एपिक ऑफ अमेरिका" या पुस्तकातून हा शब्दप्रयोग रूढ केला. हे स्वप्न नुसत्या मोटारींचे आणि मोठ्या पगाराचे नाही, असे त्यांनी त्याच पुस्तकात बजावले होते. माणूस कोणत्याही घरात जन्मो, त्याला आपल्या कुवतीप्रमाणे पुढे जाता यावे, हा त्यांचा अर्थ. हा अर्थ मागे पडला आणि मोटार तेवढी उरली.

ती मोटार आणि इतर सगळे आजच हातात देण्याची सोय बँकांनी केली. १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे साठ हजार लोकांना घरपोच क्रेडिट कार्डे पाठवली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी मागितली नव्हती. याच कार्डाचे पुढे "व्हिसा" झाले.

आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. अवाजवी व्याज हे पाप आहे, ही भावना फक्त आपली नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत व्याजदरावर कायद्याची मर्यादा होती. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बँक ज्या राज्यात असेल तिथला दर ती दुसऱ्या राज्यातील ग्राहकालाही लावू शकते. लवकरच साउथ डकोटा या लहानशा राज्याने मर्यादाच काढून टाकली आणि सिटी बँकेने आपला कार्डांचा कारभार तिकडे हलवला. बाकीच्या राज्यांतले कायदे कागदावर राहिले.

आता थोडे गणित, कारण आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना मुलांना हेच उदाहरण द्यावेसे वाटते. कार्डावर पाच हजार डॉलरची उधारी आहे, व्याज वर्षाला २१ टक्के. (तिथे आजकाल वीसच्या पुढचा दर नेहमीचाच आहे.) माणूस दर महिन्याला शंभर डॉलर भरतो, एकही हप्ता चुकवत नाही, नवी खरेदीही करत नाही. पहिल्या महिन्याच्या शंभरातले ८७.५० डॉलर व्याजात जातात, मुद्दल कमी होते ते फक्त साडेबारा डॉलरने. हे कर्ज फिटायला दहा वर्षे लागतात आणि पाच हजाराच्या वस्तूंचे जवळजवळ बारा हजार होतात. सोफा तोवर भंगारात गेलेला असतो. महिनाअखेर सगळी रक्कम भरणाऱ्याला व्याज पडत नाही, हे खरे. पण व्याजाची कमाई होते ती प्रामाणिकपणे थोडे-थोडे भरत राहणाऱ्याकडून. २०२३ साली अमेरिकेतील कार्डांची थकबाकी एक लाख कोटी डॉलरच्या वर गेली.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. इतक्या वेळा का, असे कोणी विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले, ते बुखारीत आहे: कर्जात सापडलेला माणूस खोटे बोलू लागतो आणि दिलेला शब्द मोडू लागतो. इथे गरिबीची भीती सांगितलेली नाही, चारित्र्याची सांगितली आहे. हप्ता थकला की बायकोपासून लपवणे, भावाला फोन न उचलणे, आईला "सगळे ठीक आहे" म्हणणे, हे त्यातलेच.

अमेरिकेतील मुसलमानांनी वाट शोधली नाही असे नाही. कॅलिफोर्नियात १९८७ पासून "लारिबा" ही संस्था आहे, व्हर्जिनियात २००२ पासून "गायडन्स रेसिडेन्शियल". "गायडन्स"सारख्या संस्थेत घर भागीदारीत घेतले जाते. संस्थेचा हिस्सा कुटुंब हळूहळू विकत घेते आणि उरलेल्या हिश्श्याच्या वापराचा मोबदला देते. महिन्याची रक्कम बँकेच्या हप्त्याच्या आसपासच जाते, अशी टीका होते. उलेमांतही यावर मतभेद आहेत. तो वाद त्यांनी सोडवावा. मला खटकते ते वेगळेच. व्याज टळले म्हणून तीन माणसांनी पाच बेडरूमचे घर घेतले, तर मियाँ-बीवी दोघांनाही पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या रकमेसाठी राबावे लागते. फतवा व्याजापुरता असतो. खोल्या किती हव्यात, हे कुटुंबालाच ठरवावे लागते, आणि तेही सही करण्याआधी.