चेंडू उडतो, अक्षर ओळखता येते

साकीनाका मेट्रो स्थानकात गाडीची वाट पाहताना कुणाच्या तरी मोबाइलवर गाणे सुरू असते आणि खाली शब्द रंग बदलत जातात. ही युक्ती शंभर वर्षे जुनी आहे. १९२४मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर बंधूंनी चित्रपटगृहांसाठी गाण्यांचे कार्टूनपट सुरू केले. पडद्यावर ओळ यायची, एक चेंडू शब्दाशब्दावर उड्या मारायचा आणि सारे प्रेक्षक गायचे. बोलपट अजून रुळले नव्हते; साथीला थिएटरमधला वादक असायचा.

भारतात या युक्तीला वेगळे काम मिळाले. हिंदी गाण्याखाली हिंदीतच शब्द दाखवावेत, ही कल्पना ब्रिज कोठारी यांनी १९९६मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधून मांडली. पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये ती दिसली. गाणे पाठ असले की नजर आपोआप अक्षरांवर फिरते आणि वाचनाचा सराव होतो.

साकीनाक्यातल्या अनेक घरांत मराठी बोलली जात नाही, पण मराठी गाणी सगळ्यांच्या कानावर पडतात. मग टीव्हीवर आणि थिएटरात त्यांच्याखाली मराठी ओळी का नसाव्यात? सक्तीच्या वादात न अडकता मराठी वाचायला लावण्याचा हा सोपा मार्ग आहे. वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी तो धरावा.