पिकअपचा हिशेब

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो हातात छापील पत्रक घेऊनच. गाडी एकच, मारुतीची वॅगन-आर. पण इंजिने दोन. एक ९९८ सी.सी.चे, दुसरे ११९७ सी.सी.चे. दोन्ही पेट्रोलची. म्हणाला, "मामा, कंपनीतले मित्र म्हणतात, लहान इंजिनाला पिकअप नाही, हायवेला मार खाशील. मोठे घ्यावे तर हप्ता वाढतो. तुम्हीच सांगा." मी पडलो कारकून. मला इंजिन खोलता येत नाही, पण भागाकार येतो. त्यावरून जे उमगले ते येथे मांडतो, कारण नालासोपारा-विरारच्या पुष्कळ घरांतून आज हाच प्रश्न चर्चेला असणार. घरातील पहिलीच गाडी, आणि पाच-सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा म्हटल्यावर मित्रांच्या बोलण्यावर विसंबून चालत नाही.

सी.सी. जास्त म्हणजे गाडी जोरात, हा समज जुना आहे. मुंबईच्या सिग्नलवर तो केव्हाच खोटा ठरला. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमिअर पद्मिनी १०८९ सी.सी.ची, चार सिलिंडरची. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० अवघी ७९६ सी.सी.ची, तीन सिलिंडरची. तरी दिवा हिरवा झाला की मारुती पुढे आणि पद्मिनी मागे. कारण वजन. पद्मिनीची ताकद कागदावर सुमारे ४० अश्वशक्ती आणि वजन जवळजवळ ९०० किलो. मारुतीची ताकद ३७, वजन मात्र साधारण ६५०. आता भागा. टनामागे पद्मिनीच्या वाट्याला ४४ अश्वशक्ती येते, मारुतीच्या वाट्याला ५७.

पण खरी गंमत पुढे आहे. हा हिशेब रिकाम्या गाडीचा झाला. चार मोठी माणसे आणि पिशव्या-बोचकी मिळून ३०० किलो भरा. पद्मिनी ४४ वरून ३३ वर येते, मारुती ५७ वरून ३९ वर. मारुती अजून पुढेच आहे. पण तिची आघाडी १३ वरून ६ वर आली. हलक्या गाडीला माणसांचे ओझे जास्त जाणवते ते असे. टॅक्सीवाले पद्मिनीला उगाच धरून नव्हते. दणकट बांधा, मोठी डिकी, टपावर कॅरिअर, आणि दुरुस्ती गल्लोगल्ली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. असो.

आता भाच्याच्या गाडीकडे येऊ. लहान इंजिन ६७ अश्वशक्तीचे, मोठे ९० चे. गाडीचे वजन लहान इंजिनासह ८१० किलोच्या आसपास, मोठ्यासह आणखी २५-३० किलो जास्त. रिकामी असता टनामागे ८३ आणि १०७. पाच माणसे आणि सामान मिळून ३५० किलो धरले तर ५८ आणि ७६. म्हणजे फरक आहेच, तो नाकारता येणार नाही. परंतु हेही पाहा की गच्च भरलेल्या लहान इंजिनाच्या वॅगन-आरचा आकडा रिकाम्या मारुती ८०० इतका आहे. जिच्या पिकअपचे एके काळी साऱ्या देशाने कौतुक केले, तिच्याइतका! मग "पिकअप नाही" हे कोणाच्या तुलनेत?

बरे, अ‍ॅव्हरेज म्हणाल तर २०२२ च्या सुधारित मॉडेलला, हाताने गिअर टाकायच्या गाडीत, कंपनीने सांगितलेला आकडा लहानाला लिटरमागे २४.३५ आणि मोठ्याला २३.५६ किलोमीटर. महिन्याला ५०० किलोमीटर चालवली तर लिटरभराचाही फरक पडत नाही. तेव्हा पेट्रोलच्या भीतीने मोठे इंजिन टाळू नये. टाळायचे तर हप्त्यासाठी टाळावे.

आता एक चूक सांगतो, ती माझी स्वतःची. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याची जुनी छोटी गाडी घेऊन सहकुटुंब वज्रेश्वरीला निघालो. शिरसाड फाट्याच्या आत दुपदरी रस्ता. गाडीत मुलांसह सहा जण, एसी चालू. पुढे एक ट्रक रखडत होता. मी चौथ्याच गिअरमध्ये बाहेर काढली. गाडी उचलेना, आणि समोरून डंपर. कशीबशी आत घेतली. मागे बायकोने धाकट्याला छातीशी घट्ट धरले होते. वज्रेश्वरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तुम्ही ताशी ६० ने आणि समोरचाही ६० ने येत असेल तर मधले अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने तुटते. म्हणजे साधारण तीन एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात इतके. ओव्हरटेकला दोन सेकंद जास्त लागले तर ६६ मीटर गेले. पिकअपचे काम सिग्नलवर शेखी मिरवण्याचे नाही, ते येथे लागते.

तेथे गिअर खाली टाकला असता तर निभावले असते. इंजिनाची ओढ फेऱ्यांवर अवलंबून असते. या लहान इंजिनाची पूर्ण ओढ मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर मिळते, मोठ्याची ४४०० वर. आपले बरेच चालक इंजिन ओरडले की घाबरून वरचा गिअर टाकतात, आणि मग गाडीला नावे ठेवतात. अशा हाताला मोठ्या इंजिनाचा पुरता उपयोग व्हायचाच नाही, जादा पैसे मात्र जातील.

म्हणून भाच्याला विचारले, पाच जण घेऊन कसारा किंवा माळशेज घाट वर्षातून किती वेळा चढणार? महिन्यातून एकदा असेल तर मोठे इंजिन घे. वसई स्टेशन, माणिकपूर, विरार फाटा आणि सणासुदीला गाव, एवढेच असेल तर लहान पुरे. सी.एन.जी.चा विचार डोक्यात असेल तर मात्र सावध. ते लहान इंजिनालाच मिळते, गॅसवर ताकद ५७ वर येते, टाकीचे वजन वाढते, आणि भरल्या गाडीचा आकडा ५८ वरून ४६ च्या आसपास उतरतो. पैसे वाचतात हे खरे, पण ओव्हरटेक करताना हा आकडा आठवावा.

भाच्याने अजून बुकिंग केलेले नाही. रविवारी शोरूममध्ये दोन्ही गाड्यांची ट्रायल घ्यायची आहे. एकटा जाऊ नकोस, आई-बाबा आणि बायकोला बरोबर बसव, आणि एसी लावून पूल चढव, असे सांगितले आहे. शोरूमचा माणूस धरून पाच होतात. मलाही यायचे होते, पण जागा उरली नाही.