गर्जनेचा हव्यास
आमच्या आळीतील एका चिरंजीवांनी वडिलार्जित मारुती 800 चा शाबूत सायलेन्सर उतरवून तिथे पेल्याएवढ्या तोंडाची चकचकीत नळी बसवून घेतल्यापासून ती गाडी, जिच्या तिन्ही सिलिंडरांची एकूण क्षमता अवघी 796 घनसेंटिमीटर आहे, चढावर मालट्रकच्या आवेशाने गर्जते आणि रिक्षाच्या मागेच राहते. वस्तुतः सायलेन्सरच्या पोटातील सच्छिद्र नळ्या व पडदे ध्वनिलहरींना आपसांत झुंजवून निष्प्रभ करतात. ते काढल्याने इवल्या इंजिनाच्या पदरी शक्ती पडते ती नाममात्रच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी 120 वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो, हे मी नजरेस आणले, तेव्हा ‘काका, आवाज कसा भरदार आहे!’ एवढेच फर्मावून चिरंजीवांनी नळीच्या तोंडावरची काजळी रुमालाने मायेने पुसली.