मुठीएवढा निवडुंग

वाचकहो, बांधावरचा फड्या निवडुंग तुम्हाला नवा नाही. त्याचे पान तोडून टाकले तरी रुजते. म्हणून निवडुंगाला काळजी ती काय घ्यायची, असे आपण म्हणतो. कुंडीतले बुटके निवडुंग मात्र तसे दणकट नसतात.

त्यातला एक दुर्मिळ प्रकार म्हणजे अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास. हा मूळचा ईशान्य मेक्सिको आणि अमेरिकेतील दक्षिण टेक्सासचा. अंगावर काटा नाही. चपट्या गोळ्याला बहुधा आठ फाका, प्रत्येक फाकेच्या मधोमध पांढऱ्या लोकरीच्या ठिपक्यांची ओळ. माथ्यावर पिवळे फूल येते, त्याचा गाभा तांबूस असतो.

हे झाड ऊन सोसते, पाण्याची ओढ सोसते. ओली मुळे मात्र सोसत नाही. पिकाला पाणी देण्याची सवय असलेला आपला हात इथे आवरावा लागतो. रोज मायेने तांब्याभर पाणी घातले, की महिन्याभरात झाड बुडातून सडू लागते.

कुंडी भाजक्या मातीची, लहान व तळाला भोक असलेली घ्यावी. काळी माती वापरू नये, ती ओल धरून ठेवते. दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले पानांचे खत असे मिश्रण करावे. ताजे शेण व युरिया नको.

कुंडीत काडी खुपसून पाहावी. ती तळापर्यंत कोरडी निघाली तरच सकाळी पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी ओसरीवर, उजेडात पण पागोळ्यांपासून दूर ठेवावी. थंडीत जवळजवळ कोरडेच राहू द्यावे. झाड थोडे सुरकुतले तर घाबरू नका. बुडाशी मऊ व तपकिरी झाले तर मात्र लगेच उपटून सडका भाग स्वच्छ चाकूने कापावा, आठ-दहा दिवस सावलीत सुकवावे आणि मग कोरड्या मिश्रणात लावावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून घ्यावा.

आता विकत घेतानाची गोष्ट. हौशी लोकांनी व व्यापाऱ्यांनी रानातून उपटून नेल्यामुळे हा निवडुंग त्याच्या मुलखातच विरळ झाला आहे. अमेरिकेने 1993 साली त्याला संकटग्रस्त ठरवले. म्हणून रोप बियांपासून वाढवलेले आहे का, हे विक्रेत्याला विचारूनच घ्या. त्याहून बरे म्हणजे बीच पेरा. ओलसर वाळूमिश्रित खतावर बी नुसते पसरावे, वर काच ठेवावी आणि सावली धरावी. फूल यायला काही वर्षे लागतील. पण आंब्याची कोय लावणाऱ्या घराला वाट पाहणे का शिकवायचे?