पपईवर पहारा, पाणी मोकाट
गरोदर बाई पंगतीला बसली की तिच्या पानातल्या पिकल्या पपईच्या फोडीवर दहा जणींचे डोळे. पाणीपुरीच्या पाण्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. म्हणून लग्नात, हॉटेलात बर्फाचं सरबत, कापून ठेवलेली काकडी, कच्च्या मोडांची कोशिंबीर, पाणी घालून वाटलेली चटणी खुशाल नाकारावी. बुफेत दोन तासांहून अधिक कोमट पडलेली पनीरची भाजीही नको. वाफाळता वरणभात, तव्यावरून थेट पानात आलेली पोळी बिनधास्त घ्यावी. आणि ‘एका घासानं काय होतंय?’ म्हणणाऱ्या मावशींना सासूबाईंनीच परस्पर थोपवावं; डोहाळे पुरवण्यात हेही आलं.