समुद्राचं आपल्याला काय?

परवा टपरीवर चहा पिताना मित्राला म्हटलं, समुद्रातल्या ऑक्सिजनवर लिहायचं मनात आहे. तो हसला. "संभाजीनगरात बसून समुद्र? नळाला पाणी कधी येतं त्यावर लिही की!"

हसण्यावारी नेलं, पण राहवेना.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकारी यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की पावसाळा सरता सरता आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि तिथे नायट्रस ऑक्साइड प्रचंड साठतो. हाच तो हसवणारा वायू. शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा!

होतं असं, की मेलेलं प्लवंग कुजवताना जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात. शेवटी त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन व्हायला हवा. पण ऑक्सिजन किंचित उरला असेल तर शेवटची पायरी अडते आणि नायट्रस ऑक्साइड निसटतो.

"हे तर नैसर्गिकच!" कबूल. खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी दर पावसाळ्यात तिथे वर येतंच. पण म्हणून त्यात आपलं नत्र ओतायचं? जास्त नत्र म्हणजे जास्त प्लवंग, जास्त कुजणं.

आपली गोदावरी तर बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे मधल्या थरांत ऑक्सिजन नावालाच उरलाय, हे २०१७ च्या संशोधनात दिसलं. काठावरच्या माणसाला धक्का केवढा लागतो?

आणि यात शेतकऱ्याला झोडपू नका. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, त्यातून युरिया वगळला. इतर खतं महागली, युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशेच्या आतच राहिली. स्वस्त तेच जास्त पडणार. पिकाला न लागलेलं नत्र पावसाबरोबर ओढ्याला जाणार. दोष धोरणाचा आहे. युरियाही त्याच हिशोबात आणा, आणि वाचलेला पैसा थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका. हे बोलायची हिंमत मात्र कुठल्याच पक्षात दिसत नाही.

जायकवाडीचे दरवाजे उघडले की आपण पोराबाळांसह पैठणला पाणी बघायला धावतो. फोटो काढतो, परत येतो. ते पाणी पुढे कुठे जातं, काय घेऊन जातं, हे पोरांना कधी सांगितलंय?